टाकीतला जांभळा दिवा आणि जगदीशचंद्रांची हायड्रिला

देवळ्याच्या एका वाचकांनी विचारलं आहे, ‘माशांच्या टाकीत वनस्पती लावल्या आहेत. दुकानदार लाल-निळ्या एलईडीचा जांभळा दिवाच घ्या म्हणतो. साधा पांढरा चालणार नाही का?’ चालेल, आणि उत्तम चालेल!

जांभळ्या दिव्याची जाहिरात खोटी नाही, अर्धवट आहे. तिचं मूळ १८८२ सालचं. हॉलंडमधल्या उत्रेख्तला थिओडोर एंगलमान यांनी सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या शेवाळाचा एक तंतू ठेवला, त्यावर लोलकातून सप्तरंगी पट्टा पाडला आणि प्राणवायूकडे धावणारे जिवाणू सोडले. कांद्याच्या लिलावात व्यापाऱ्यांची दाटी ज्या ट्रॅक्टरभोवती, तिथला माल चांगला, हे देवळ्यात लहान पोरालाही कळतं. तसे जिवाणू तांबड्या आणि निळ्या पट्ट्यांत दाटले, हिरव्यात तुरळक राहिले. कोणत्या रंगात प्राणवायू जास्त सुटतो, ते जिवाणूंनीच दाखवून दिलं. किती देखणा प्रयोग!

पण एक तंतू म्हणजे अख्खं झाड नव्हे. वरच्या पानातून निसटलेला हिरवा प्रकाश खालच्या पानांच्या कामी येतो. १९७२ साली मॅक्री या संशोधकांनी २२ पिकांची पानं तपासली, तेव्हा हिरव्या प्रकाशातही प्रकाशसंश्लेषण चांगलंच चालतं हे दिसलं. शिवाय पांढरा एलईडी मुळात निळाच असतो. त्यावरचा पिवळसर लेप त्या निळ्यातून हिरवा, पिवळा, तांबडा प्रकाश तयार करतो. म्हणजे हवे ते रंग त्यात आहेतच. रंगाचा परिणाम वाढीच्या ठेवणीवर मात्र होतो: नुसत्या तांबड्या प्रकाशात अनेक वनस्पती उंच, लुकड्या होतात, निळा त्यांना आटोपशीर ठेवतो.

या विषयात आपल्याच माणसाचा विसर पडावा, याची मला फार खंत वाटते. जगदीशचंद्र बोस म्हटलं की आपल्याला लाजाळू आठवतं. पण टाक्यांत आणि शाळेच्या चंचुपात्रात दिसणाऱ्या हायड्रिला या पाणवनस्पतीवर त्यांनी कितीतरी काम केलं. तिचे प्राणवायूचे बुडबुडे आपोआप नोंदवणारं यंत्र बनवलं, १९२४ साली प्रकाशसंश्लेषणावर ग्रंथ लिहिला. उन्हाळ्यातली हायड्रिला कार्बन डायऑक्साइड वेगळ्या रीतीने, मॅलिक आम्लाच्या वाटेने वापरते, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. त्या धाटणीच्या मार्गाला पुढे १९६०च्या दशकात हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांची नावं मिळाली. बोस मात्र पाठ्यपुस्तकाबाहेरच राहिले.

तेव्हा दिव्याच्या रंगापायी जास्त पैसे मोजू नका. प्रकाश पुरेसा आहे का आणि रोज ठरावीक तास मिळतो का, हे आधी पाहा. दिवा रात्रंदिवस जळत ठेवला तर शेवाळच माजेल. आणि मुलांना घेऊन बोसांचा प्रयोग जरूर करा. पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाका, हायड्रिलाची ताजी कापलेली फांदी उलटी बुडवा, दिव्यासमोर रंगीत जिलेटिन कागद धरा आणि मिनिटाला किती बुडबुडे सुटतात ते मोजा. कागदाने प्रकाश कमीही होतो, एवढं निष्कर्ष काढताना लक्षात ठेवा.