मुष्टियुद्धातील जखमा आणि रक्तस्तंभनाचे तंत्र

पुरुषांच्या व्यावसायिक मुष्टियुद्धात तीन मिनिटांची एक फेरी संपली म्हणजे खेळाडूस एक मिनिटाची विश्रांती मिळते. खेळाडू आपल्या कोपऱ्यात येऊन बसेपर्यंत आणि पुढील घंटेपूर्वी मदतनीस रिंगणाबाहेर पडेपर्यंत त्या मिनिटातील बराच काळ खर्ची पडतो. हाती उरतात जेमतेम ४० ते ४५ सेकंद. उलटपक्षी, निरोगी मनुष्याचे रक्त काचेच्या नळीत घेतले असता ते साकळण्यास साधारणतः पाच ते दहा मिनिटे लागतात. जे कार्य उरकण्यास शरीरास काही मिनिटे हवीत, ते पाऊण मिनिटात कसे साधावयाचे, हा या तंत्रापुढील मूळ प्रश्न होय. ज्या मदतनिसाकडे हे काम सोपविलेले असते त्यास त्या व्यवसायात ‘कटमन’ म्हणतात. तो बहुधा वैद्यक शिकलेला नसतो. त्याची विद्या गुरूच्या हाताखाली मिळविलेली असते.

प्रथम जखमेचे स्वरूप पाहू. हातमोज्याला धार नसते. मग त्वचा फाटते कशी? नेत्रगुहेच्या वरच्या कडेस ललाटास्थीचा एक उंचवटा असतो आणि त्यावरील त्वचेखाली मेदाचा थर फारच पातळ असतो. मोजा व हे हाड यांच्यामध्ये त्वचा चिरडली जाते आणि जणू आतील बाजूने हाडाच्या कडेवरच कापली जाते. गालाचे हाड व नाकाचा दांडा येथेही हाच प्रकार घडतो. दोघांची डोकी परस्परांवर आदळली तर जखम अधिक खोल होते, कारण तेथे मोज्याची गादीही मध्ये नसते.

चेहऱ्याचा रक्तपुरवठा विपुल असतो. ग्रीवा रोहिणीच्या बाह्य व आंतर अशा दोन्ही शाखांपासून निघालेल्या वाहिन्या डोळ्याभोवती एकमेकींस मिळतात. त्यामुळे एका बाजूचा प्रवाह अडविला तरी दुसऱ्या बाजूने रक्त येतच राहते. या विपुलतेमुळे चेहऱ्यावरील जखमा लवकर भरून येतात हे खरे. पण लढतीच्या वेळी तीच गोष्ट विघ्न ठरते. त्यात श्रमाने नाडीचा वेग व रक्तदाब वाढलेले असतात.

रक्त थांबविण्याचे शरीराचे स्वतःचे उपाय तीन : वाहिनीचे आकुंचन, बिंबाणूंनी धरलेली गुठळी आणि अखेरीस फायब्रिनच्या तंतूंचे जाळे. यांपैकी तिसऱ्या उपायाची वाट पाहण्यास कटमनला सवड नसते. म्हणून तो पहिल्या उपायास औषधाची आणि दाबाची जोड देतो. स्वच्छ गॉजने जखम टिपून तो ॲड्रेनॅलीनच्या द्रावणात (हजारास एक या प्रमाणात) भिजविलेला कापसाचा बोळा थेट जखमेच्या तळाशी नेतो आणि तेथे दाबून धरतो. जोकिची ताकामिने यांनी १९०१ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळे केलेले हे द्रव्य लहान वाहिन्यांच्या भिंतीतील स्नायूंना आकुंचित करते. बोळा वरवर ठेवला तर औषध वाहत्या रक्ताबरोबर बाहेर येते. तो तळाशी पोहोचला पाहिजे. दाब अखंड हवा, कारण मध्येच उचलून पाहिले की नुकतीच धरलेली गुठळी सुटते. टॉवेलने खसाखसा पुसणारा मदतनीस आपल्याच खेळाडूचे रक्त वाहवीत असतो. शेवटी जखमेत व्हॅसलीनचा दाट लेप भरतात. त्याने औषध जागेवर राहते आणि पुढचा ठोसा घासण्याऐवजी घसरतो. काही ठिकाणी थ्रॉम्बिन व कोलॅजेनची पूड यांसही नियामकांची अनुमती असते. सुजेवर थंड धातूचा तुकडा दाबतात. पण सूज बाजूस सारण्यासाठी तो घासणे मात्र चूक होय.

पूर्वी काही कोपऱ्यांत मॉन्सेलचे द्रावण वापरीत. हे लोहाचे एक तीव्र क्षार-द्रावण असून त्याने रक्त तत्काळ थांबते. परंतु जखमेत काळसर, कडक खपली धरते, शल्यवैद्यास ती खरवडून काढावी लागते, आणि डोळ्यात गेल्यास ते डोळ्यास अपाय करते. म्हणून व्यावसायिक मुष्टियुद्धाच्या नियामकांनी ते वर्ज्य ठरविले. डोळ्यात गेलेल्या द्रव्याने लढतीचा रंग कसा पालटू शकतो हे २५ फेब्रुवारी १९६४ रोजी मायामी बीच येथे दिसले. चौथ्या फेरीच्या सुमारास कॅशस क्ले (पुढे मुहम्मद अली) याच्या डोळ्यांची आग होऊ लागली व त्यास दिसेनासे झाले. सनी लिस्टनच्या जखमेवर वा खांद्यावर लावलेले एखादे औषध त्यास कारण झाले असावे, असा तर्क करण्यात येतो. प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनी डोळे धुऊन त्यास पुन्हा रिंगणात ढकलले. सातव्या फेरीस लिस्टन उठलाच नाही.

कटमनच्या कौशल्याचे उदाहरण म्हणून १७ सप्टेंबर १९५४ च्या न्यूयॉर्क येथील लढतीचा उल्लेख नेहमी होतो. सहाव्या फेरीत एझार्ड चार्ल्सने रॉकी मार्सियानोचे नाक नाकपुडीपाशी दुभंगले. नाकाचे टोक म्हणजे पाठीमागे हाडाचा आधार नसलेली जागा. तेथे दाब द्यावा तरी कशावर? फ्रेडी ब्राउन यांनी दोन विश्रांतींत ती जखम कशीबशी आवरली आणि आठव्या फेरीत मार्सियानोने प्रतिस्पर्ध्यास चीत केले. ब्राउन यांनी मिळवून दिली ती केवळ दोन फेऱ्यांची मुदत. ती पुरेशी ठरली.

लढत थांबवावी की नाही, याचा निर्णय मात्र पंच व वैद्य यांचा असतो. वैद्य रक्ताच्या प्रमाणापेक्षा जखमेची जागा पाहतो. डोळ्याखालील जखम कितीही भेसूर दिसली तरी तिचे रक्त गालावर ओघळते. भुवईवरील लहानशी चीरही डोळ्यात रक्त सोडून दृष्टी झाकते, आणि न दिसणारा ठोसा चुकविता येत नाही. पापणीची कड फाटली असेल, अश्रुनलिकेजवळ इजा असेल, किंवा भुवईवरील मज्जातंतू उघडा पडला असेल, तर लढत थांबविणेच योग्य. जखमेचे कारणही महत्त्वाचे असते. ती नियमानुसार मारलेल्या ठोशाने झाली असेल तर जखमी खेळाडू हरला असे धरतात. डोक्याच्या अभावित टकरीने झाली असेल तर, प्रचलित नियमांनुसार, चार फेऱ्या पूर्ण होण्यापूर्वी लढत अनिर्णित व त्यानंतर गुणांवर निर्णय. म्हणून टक्कर झाल्याचे पंचाने त्याच क्षणी टिपून जाहीर करणे अगत्याचे असते.

२१ जून २००३ रोजी लॉस एंजेलिस येथे व्हिटाली क्लिचको सहा फेऱ्यांअखेर तिन्ही परीक्षकांच्या गुणपत्रकांत ५८–५६ असा पुढे होता. तरी डाव्या डोळ्यावरील जखमेमुळे वैद्याने लढत थांबविली आणि लेनॉक्स लुइस विजयी ठरला. १४ सप्टेंबर २०१९ रोजी लास वेगास येथे टायसन फ्युरीच्या उजव्या डोळ्यावर तिसऱ्या फेरीत मोठी जखम झाली, पण लढत बारा फेऱ्या चालू देण्यात आली व तो गुणांवर जिंकला. दोन्ही निर्णयांचे समर्थन करता येईल. पण मला पहिलाच अधिक पटतो. पराभूत खेळाडूचा संताप समजण्याजोगा आहे, तथापि गुणपत्रक पाहणे हे वैद्याचे काम नव्हे.

हौशी क्षेत्रात शिरस्त्राणाचा प्रश्न यातूनच उद्भवला. १९८४ च्या ऑलिंपिकपासून ते आवश्यक होते. २०१३ मध्ये वरिष्ठ पुरुषांसाठी ते काढण्यात आले. शिरस्त्राण त्वचेचे रक्षण करते, मेंदूच्या हादऱ्याचे तितकेसे नाही, हा त्यामागील एक युक्तिवाद. ते गेल्यावर चेहऱ्यावरील जखमा वाढल्या, हे अपेक्षितच होते. २०२१ मध्ये टोकियो येथे आपला सतीशकुमार चेहऱ्यावरील जखमांस टाके घालून उपान्त्यपूर्व फेरीत उतरला व उझबेकिस्तानच्या जलोलोव्हकडून हरला. एकामागून एक सामने खेळाव्या लागणाऱ्या स्पर्धेत जखम भरून येण्यास अवधीच नसतो, ही अडचण व्यावसायिक खेळाडूस नाही.

अवधीचा हा मुद्दा कमी लेखू नये. टाके थरांनी, खोलपासून वर असे घालावे लागतात. तीन आठवड्यांनी जखमेची ताकद मूळच्या त्वचेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही नसते, आणि काही महिन्यांनंतरही ती सुमारे ८० टक्क्यांपलीकडे जात नाही. ब्रिटनचा हेन्री कूपर १९६३ मध्ये अलीविरुद्ध पाचव्या फेरीत डाव्या डोळ्याच्या जखमेमुळे थांबविला गेला. १९६६ मध्ये, त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध, सहाव्या फेरीत, पुन्हा त्याच डोळ्यावर.