आपण गायलेले, आपण लिहिलेले राहते कुठे?

२९ जून २०२० रोजी रात्री केंद्र सरकारने ५९ अ‍ॅपवर बंदी घातली. त्या यादीत टिकटॉक होते. दोन-तीन दिवसांत ते भारतात उघडेनासे झाले. बंदीच्या बऱ्यावाईटात आम्ही येथे जात नाही. देशाच्या सुरक्षिततेसाठी हे केले असे सरकारने सांगितले, आणि तो विषय वेगळा आहे. आम्हाला बोलायचे आहे ते त्या अ‍ॅपवर ज्यांनी आपली कला मांडली होती त्यांच्याविषयी. टिकटॉक वापरणारे भारतात वीस कोटींच्या आसपास होते, असे त्या वेळी छापून आले होते. त्यांत शहरातली शिकलेली पोरे होतीच. पण ऊसतोडीच्या फडावरची माणसे होती, नाक्यावर कामाची वाट बघत उभे राहणारे बिगारी होते, चार घरची धुणीभांडी करून दुपारी घटकाभर टेकणाऱ्या बाया होत्या. कॅमेरा कसा धरावा हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. कुठल्या नाट्यगृहाने वा दूरदर्शन केंद्राने त्यांना बोलावणे धाडले नव्हते. तरी त्यांनी नाच केले, नकला केल्या, गाणी म्हटली आणि हजारो अनोळखी माणसांनी त्यांना वाहवा दिली. मग एके दिवशी सगळा फडच उठला. ज्यांनी मूळ चित्रफीत मोबाईलमध्ये जपून ठेवली होती त्यांनी दुसरीकडे बिऱ्हाड केले. बाकीच्यांचे गेले ते गेले.

हे असे का होते, ते नीट समजून घेतले पाहिजे. आपण मोबाईलवर अपलोडचे बटण दाबतो, तेव्हा आपल्या फितीची एक नक्कल इंटरनेटवरून प्रवास करून कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे दिवसरात्र चालू असणाऱ्या तिच्या मोठ्या संगणकावर जाऊन बसते. तो संगणक कुठल्या देशात आहे हेही आपल्याला ठाऊक नसते. आपले नातेवाईक ती फीत पाहतात तेव्हा ती आपल्या मोबाईलमधून जात नाही, कंपनीच्या गोदामातून जाते. गोदामाचे दार बंद झाले की आपलाच माल आपल्याला दिसत नाही.

चाळीत आयुष्य काढलेल्या माणसाला हे फार समजावून सांगायला नको. खोलीला रंग आपण दिला, ओटा आपण बांधला, दारात तुळस नाहीतर मोगरा आपण लावला. पण जागा मालकाची. फरक इतकाच की चाळीतल्या भाडेकरूला कायद्याचे थोडेफार तरी संरक्षण आहे, हातात भाड्याची पावती आहे. येथे पावती नाही. उलट ‘अटी मान्य आहेत’ असे आपणच बोटाने कबूल केलेले असते. आम्ही कारकुनी करणारी माणसे. न वाचता कागदावर सही करू नये हे पहिल्या दिवशी शिकलेली. पण त्या अटी वाचायला बसले तर दुपार जाते, आणि वाचून मान्य नसल्या तरी दुसरा रस्ता नसतो. त्यांचे सार साधारण असे असते: वस्तू तुमची, पण ती दाखवण्याचा, साठवण्याचा आणि तिच्या नकला करण्याचा परवाना तुम्ही कंपनीला दिला आहे, आणि सेवा बंद करण्याचा अधिकार कंपनीचा आहे.

असे पहिल्यांदाच घडले असेही नाही. स्वित्झर्लंडमधील सर्न या विज्ञानसंस्थेत काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबची कल्पना मांडली आणि १९९३ साली सर्नने ती सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. आपल्या देशात सामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगममार्फत. त्याच सुमारास अमेरिकेत जिओसिटीज नावाची एक वसाहत उभी राहत होती. वसाहत म्हणजे खरी घरे नव्हेत, वेबवरची पाने. १९९४ साली डेव्हिड बोनेट यांनी ती सुरू केली. कोणीही यावे, फुकट जागा घ्यावी आणि आपले पान उभारावे. गंमत अशी की या जागा मोहल्ल्यांप्रमाणे वाटलेल्या होत्या. सिनेमावेड्यांसाठी हॉलीवूड, संगणकाचा नाद असणाऱ्यांसाठी सिलिकॉन व्हॅली, घरसंसाराच्या गोष्टी लिहिणाऱ्यांसाठी हार्टलँड; आणि प्रत्येकाला घर क्रमांक. कोणी आपल्या मांजराविषयी लिहिले, कोणी आजारपणाविषयी, कोणी गेलेल्या मुलाच्या आठवणीत पान केले. रंग भडक, अक्षरे लुकलुकणारी. शहाण्यासुरत्यांनी नाके मुरडली. आम्हाला मात्र त्यात आपल्या वस्त्यांतल्या हाताने रंगवलेल्या पाट्या दिसतात.

१९९९ साली याहू कंपनीने ही वसाहत साडेतीन अब्ज डॉलरहून जास्त किमतीला विकत घेतली. पैसा कोणाला मिळाला? पाने लिहिणाऱ्यांना नव्हे. वर नव्या मालकाने अशा अटी घातल्या, की लोकांच्या लिखाणावर कंपनीचाच हक्क सांगितल्यासारखे झाले. लोक खवळले, अनेकांनी निषेध म्हणून आपली पाने काढून टाकली, आणि थोड्याच दिवसांत कंपनीला त्या अटी मागे घ्याव्या लागल्या. संघटित ओरड झाली तर मोठी कंपनीही वाकते, हे त्या वेळी दिसले. पण दहा वर्षांनी, २६ ऑक्टोबर २००९ रोजी, कंपनीने ती वसाहतच जमीनदोस्त केली. कोट्यवधी पाने होती. वाचली ती काही स्वयंसेवकांमुळे. जेसन स्कॉट नावाच्या गृहस्थांनी जमवलेल्या आर्काइव्ह टीमने शेवटच्या महिन्यांत रात्रंदिवस नकला उतरवून घेतल्या आणि पुढच्या वर्षी तो सगळा साठा लोकांना खुला केला. पगार नाही, मानधन नाही. पूर येणार म्हणून कळल्यावर वाचनालयातली पुस्तके डोक्यावरून वाहून नेणाऱ्या पोरांसारखी ही माणसे.

त्यानंतर ऑर्कुट गेले, ३० सप्टेंबर २०१४ रोजी. आपल्याकडच्या कित्येक तरुणांनी पहिल्यांदा मराठीतून गप्पा मारल्या त्या तेथेच. २०१९ साली गुगल प्लस गेले. त्याच वर्षी मायस्पेस या संगीताच्या ठिकाणाने कबूल केले, की जुन्या संगणकावरून नव्यावर सामान हलवताना २०१६ पूर्वीची गाणी, छायाचित्रे, फिती हरवल्या आहेत. ना बंदी, ना विक्री. नुसते सामान हलवताना!

आता घरातले उदाहरण. आमच्या वस्तीत एक मावशी होत्या. जात्यावरच्या ओव्या, पाळणे, लग्नातली गाणी, सगळे तोंडपाठ. त्यांच्या नातवाने हौसेने त्यांची चाळीसेक गाणी मोबाईलवर घेऊन इंटरनेटवर टाकली आणि मोबाईलची मेमरी भरली म्हणून मूळ फिती पुसल्या. पुढे तो मोबाईल बिघडला. नवा घेतला, तर खाते उघडायला पासवर्ड आठवेना. पासवर्ड बदलायचा तर आकडे जुन्या नंबरवर येणार, आणि त्या सिमकार्डाला रिचार्ज नव्हता म्हणून नंबर बंद होऊन दुसऱ्या कोणाला गेलेला. एव्हाना मावशी अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांची सून आम्हाला म्हणाली, “भाऊजी, गाणी तर दिसत्यात, पण ती उतरवून घेता येईनात, अन् खाली कुणी घाणेरडं लिहिलं तर पुसताबी येईना. आपलंच घर, अन् आपण बाहेर.” मावशी २०२१ साली गेल्या. त्यांच्या आवाजातल्या सात फिती नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मिळाल्या, त्याही अंधुक.

मग काय, इंटरनेटवर काही टाकूच नये? तसे आमचे म्हणणे अजिबात नाही. यूट्यूबसारख्या ठिकाणी आपल्या गायकांना जो श्रोता मिळतो तो कुठल्याही सभागृहात मावणार नाही. प्रश्न जागेच्या कराराचा आहे. आणि दुसऱ्या प्रकारचा करारही असू शकतो, हे विकिपीडियाने दाखवून दिले.

वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९९५ साली असे पान तयार केले, की जे वाचणाऱ्यालाच दुरुस्त करता यावे. होनोलुलूच्या विमानतळावर ‘विकी विकी’ नावाची बस धावत असे. तिथल्या भाषेत विकी म्हणजे जलद. तेच नाव त्याने दिले. याच युक्तीवर १५ जानेवारी २००१ रोजी जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी विकिपीडिया हा ज्ञानकोश सुरू केला. त्यातली आम्हाला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक पानाला जोडलेला इतिहास. कोणी, कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणता शब्द घातला नि कोणता काढला, सगळ्याची नोंद. आमच्या कचेरीतली रोजकीर्दही इतकी चोख नसते!

दुसरी गोष्ट परवान्याची. विकिपीडियावरचा मजकूर कोणीही उचलून न्यावा, छापावा, सुधारावा. मात्र लिहिणाऱ्यांचे श्रेय द्यावे आणि आपली सुधारित नक्कलही तशीच खुली ठेवावी. याचा उपयोग काय, ते २००२ साली स्पॅनिश भाषेच्या मंडळींनी दाखवले. ज्ञानकोशावर जाहिराती येणार अशी कुणकुण लागताच त्यांच्यातले बरेच जण उठले, सगळा मजकूर घेतला आणि सेव्हिल विद्यापीठाच्या संगणकावर स्वतःचा वेगळा कोश थाटला. कोणी त्यांना अडवू शकले नाही, कारण परवान्यात तसा हक्कच होता. विकिपीडियावर अजूनही जाहिराती नाहीत. जिओसिटीजच्या रहिवाशांना आपापले पान काढून घेता आले, पण सगळ्यांनी मिळून वसाहत उचलून दुसरीकडे नेता आली नाही. स्पॅनिश मंडळींना ती नेता आली. आमच्या मते साऱ्या विषयाचे मर्म या एका फरकात आहे.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तेथे लिहायला पदवी लागत नाही, ओळख लागत नाही. पण तेथेही सारे आलबेल आहे असे कोणी समजू नये. लिहिणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण जगभर फारच कमी आहे. आणि एक अट अशी, की जे लिहाल त्याला छापील वा विश्वासार्ह आधार द्या. अट रास्त आहे; नाहीतर उद्या कोणीही काहीही ठोकून देईल. तथापि ज्यांच्या वाडवडिलांविषयी कोणी काही छापलेच नाही, त्यांनी आधार आणायचा कुठून? एखाद्या जलसाकाराविषयी चार म्हातारी माणसे तासन्‌तास सांगतात, पण पुस्तकात ओळ नाही, म्हणून पान टिकत नाही. म्हणून आमच्यासारख्या साप्ताहिकांचे जुने अंक, संमेलनांच्या स्मरणिका, मंडळांचे अहवाल रद्दीत घालू नयेत. उद्या आधार म्हणून दाखवायला तेच कामी येतील.

कायद्याचा एक बारकावाही सांगितला पाहिजे. आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे स्वामित्व हक्क राहतो. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेले ग्रंथ या हिशोबाने १ जानेवारी २०१७ पासून सर्वांना खुले झाले. मराठी अनुवादाचे मात्र तसे नाही. अनुवादकाचा हक्क वेगळा असतो. मूळ खुले म्हणून हाताला लागेल तो अनुवाद टाइप करून इंटरनेटवर टाकू नये. आपल्या शाहिरांची गाणी दुसऱ्याने नाव न देता वापरली की आपल्याला राग येतो ना?

नावाचा विषय निघाला म्हणून जात्यावरच्या ओव्यांचे एक मोठे काम सांगतो. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. गाणाऱ्या तीन हजारांहून अधिक. पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या पारी या ग्रामीण भारताच्या संग्रहात २०१७ पासून त्या ओव्या इंटरनेटवर येऊ लागल्या. ओवी कोणाची, गाव कोणते, हे सारे सोबत. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातील बायांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यात आहेत. एरवी ‘लोकगीत’ म्हटले की गाणाऱ्या बाईचे नाव पुसले जाते. येथे ते राहिले.

मावशी गेल्यानंतर आमच्या वाचनालयातल्या मुलामुलींनी वस्तीतल्या वडीलधाऱ्यांची गाणी नि आठवणी नोंदवायला घेतल्या आहेत. पद्धत सोपी आहे. मूळ फीत एका हार्ड डिस्कवर वाचनालयात आणि दुसरी एका घरी. दोन्ही एकाच कपाटात नाहीत, कारण पाणी शिरले तर दोन्ही जातील. इंटरनेटवर जाते ती तिसरी नक्कल. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना साधी फीत बारीक होते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवायची. खाते एकट्याच्या नंबरवर नाही. चालू नंबर आणि पासवर्ड दोघांकडे लिहिलेला. दोन वर्षे न वापरलेले खाते पुसण्याचे धोरण गुगलने २०२३ सालीच जाहीर केले आहे, म्हणून दर तीन महिन्यांनी एकदा खाते उघडून पाहायचे. वर्षातून एकदा, १४ एप्रिलच्या आधीच्या रविवारी, गुगल टेकआउटने सगळा मजकूर उतरवून घ्यायचा.

आणि प्रत्येक फितीमागे वहीत एक ओळ: गाणाऱ्याचे नाव, माहेर व सासर, गाणे कोणाकडून शिकले, तारीख, घेणाऱ्याचे नाव, इंटरनेटवर टाकायला होकार आहे की नाही. होकाराच्या रकान्यात आतापर्यंत दोघींनी ‘नाही’ लिहायला सांगितले. त्यांच्या फिती वाचनालयातच राहतील.