स्मरणपत्रांच्या फायलीत मुदत सरते

सीमाभागातील सरकारी नोकरदाराला कचेरीत डावलले गेले, की त्याचा पुढचा प्रवास बहुधा ठरलेला असतो. आधी साहेबांच्या कानावर घालायचे. साहेब ‘बघू’ म्हणतात. मग जिल्ह्याच्या ठिकाणी निवेदन. त्यानंतर एखादे ओळखीचे पुढारी गाठून मंत्र्यांना निवेदन. काही महिन्यांनी स्मरणपत्र, पुन्हा स्मरणपत्र. सगळे उंबरे झिजवून झाल्यावर शेवटी वकील. आणि वकिलांचा पहिलाच प्रश्न, ‘मूळ आदेश कोणत्या तारखेचा?’ तिथे बोटे मोजू लागले म्हणजे कळते, की तक्रार सोळा आणे खरी असली तरी ती ऐकून घेण्याची मुदत केव्हाच उलटली आहे.

समितीच्या कामामुळे अशी बरीच प्रकरणे माझ्या नजरेखालून गेली. बढतीत डावलल्या गेलेल्या एका परिचारिका भगिनीची फाईल आजही आठवते. नऊ स्मरणपत्रे, प्रत्येकावर आवक क्रमांक आणि शिक्का. कागद सांभाळण्यात बाईंनी तिळमात्र कसूर केली नव्हती. पण पहिल्या आणि शेवटच्या कागदात चार वर्षांचे अंतर होते, आणि कायद्याच्या लेखी त्या नऊ शिक्क्यांपैकी फार तर एकाला किंमत होती.

हे असे का, ते नीट समजून घेतले पाहिजे. सरकारी नोकरांचे नोकरीविषयक तंटे ऐकण्यासाठी १९८५ साली प्रशासकीय न्यायाधिकरण कायदा झाला. कर्नाटक सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी १९८६ पासून राज्याचे न्यायाधिकरण आहे आणि त्याचे एक पीठ बेळगावात बसते. महाराष्ट्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी मुंबईचे न्यायाधिकरण १९९१ पासून आहे. पोस्ट, रेल्वे वगैरे केंद्राच्या नोकरांसाठी केंद्रीय न्यायाधिकरण असून कर्नाटकासाठी त्याचे पीठ बंगळुरात, तर महाराष्ट्र व गोव्यासाठी मुंबईत आहे. तिन्हीकडे कायदा एकच, आणि मुदतही एकच.

ती मुदत कलम २१ मध्ये आहे. वरिष्ठांकडे केलेल्या अपिलावर अंतिम निर्णय मिळाला, तर त्या तारखेपासून एक वर्ष. उत्तरच आले नाही, तर सहा महिने वाट पाहायची आणि ते संपल्यावर पुढचे एक वर्ष. समजा, बढती नाकारल्याचा आदेश १२ जून २०२३ रोजी हाती पडला आणि नियमाप्रमाणे अपील ३ जुलैला दिले. उत्तर नाही. सहा महिने ३ जानेवारी २०२४ ला पुरे झाले. न्यायाधिकरणाचे दार तेथून एक वर्ष, म्हणजे ३ जानेवारी २०२५ पर्यंत उघडे. मार्च २०२४ मध्ये एक आणि सप्टेंबरमध्ये दुसरे अशी स्मरणपत्रे दिली म्हणून ती तारीख एका दिवसानेही पुढे सरकत नाही. आपल्या मंडळींची फसगत होते ती नेमकी येथेच. स्मरणपत्र दिले म्हणजे प्रकरण जिवंत राहिले, असा समज गावोगावी रुजला आहे. तो साफ चुकीचा आहे.

या विषयावर सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी १९८९ मध्येच निवाडा दिला आहे. मध्य प्रदेशातील राठोर नावाच्या बडतर्फ कर्मचाऱ्याचा तो खटला. अपिलाची तरतूद असेल तर मुदत मूळ आदेशापासून न धरता अपिलाच्या निकालापासून धरावी, निकाल लागलाच नाही तर सहा महिन्यांनंतर धरावी, हे त्यात ठरले. ही झाली दिलाशाची बाजू. पण त्याच निवाड्यात असेही म्हटले आहे, की नियमांत ज्यांची सोय नाही अशी वरचेवर दिलेली निवेदने मुदत मोजताना जमेस धरली जाणार नाहीत. म्हणजे मंत्र्यांच्या दौऱ्यात फुलांच्या हारासोबत दिलेले निवेदन, मोर्चानंतर दिलेले निवेदन, खात्याच्या प्रमुखांना सहज पाठवलेला अर्ज, यांपैकी कशानेही घड्याळ थांबत नाही. समितीची निवेदनेही त्यातच आली, हे मी समितीचा सभासद असूनच लिहितो आहे. ती जरूर द्यावीत, त्यांचा उपयोग वेगळा असतो. मुदतीसाठी मात्र त्यांच्यावर विसंबू नये. आपल्या सेवानियमांत अपिलाची सोय आहे की नाही याची खात्री नसेल, तर आदेश हाती पडलेल्या दिवसापासून एक वर्ष, एवढेच धरून चालावे. चूक झाली तरी ती आपल्याला अडचणीत आणणार नाही.

‘पण साहेबांचे उत्तर आताच आले, मग मुदत आतापासून नको का?’ हा प्रश्न हमखास येतो. २००८ साली तमिळनाडूतील जेकब यांच्या खटल्यात त्याचा निकाल लागला. १९८२ मध्ये नोकरी गेली, आणि तब्बल १८ वर्षांनी अर्ज केला. शिळ्या अर्जाला सरकारने उत्तर दिले म्हणून मेलेला दावा पुन्हा जिवंत होत नाही, असे न्यायालयाने सांगितले.

एक सवलत मात्र आहे, आणि सैन्यातील व पेन्शनवाल्या घरांनी ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. चुकीचा पगार वा पेन्शन दर महिन्याला मिळत असेल, तर अन्यायही दर महिन्याला नव्याने होतो असे मानले जाते. तरसेम सिंग हे जवान १९८३ मध्ये वैद्यकीय कारणाने सैन्यातून बाहेर पडले आणि अपंगत्व पेन्शनसाठी १९९९ मध्ये न्यायालयात गेले. २००८ च्या निकालात पेन्शनचा हक्क टिकला, पण थकबाकी साधारण तीनच वर्षांची मिळाली. बाकीच्या वर्षांचे पैसे उशिराने खाल्ले. बढती आणि सेवाज्येष्ठतेला ही सवलत लागू नाही, कारण तेथे एकाला वर घेतले की दुसऱ्याला खाली सरकावे लागते. उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे, परंतु त्यासाठी सबळ कारण पुराव्यासह मांडावे लागते. आजारपणाचे कागद असतील तर गोष्ट वेगळी. ‘साहेब आज उद्या करत राहिले’ हे कारण सहसा चालत नाही.

आता भाषेचा मुद्दा. आपल्याकडे आदेश कन्नडमधून येतो. मराठी माध्यमातून शिकलेला शिपाई किंवा लिपिक तो पुरता न वाचताच पोचेवर सही करतो. मजकूर समजून घेण्यासाठी, मग कन्नडमधून अर्ज लिहून देणारा शोधण्यासाठी आठवड्यामागून आठवडे जातात. ही वाट पाहण्याची गरज नाही. राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाप्रमाणे आपले गाऱ्हाणे संघराज्यात वा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत कोणत्याही सरकारी अधिकाऱ्याकडे मांडण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. मराठीतला अर्ज हा अर्जच आहे. तो आज मराठीत द्यावा, अनुच्छेदाचा उल्लेख करावा, आणि भाषांतर सवडीने मागाहून जोडावे. टेबलावर घेण्यास कोणी नकार दिला, तर वाद न घालता स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती ठेवावी. आदेशावर सही करताना मात्र शेजारी तारीख स्वतःच्या हाताने घालावी. पुढे सगळे गणित त्या तारखेवर चालते.

आणखी एक गोष्ट कटू असली तरी सांगितली पाहिजे. ‘मी मराठी म्हणून मला डावलले’ एवढ्या एका वाक्यावर अर्ज उभा राहत नाही. सरकारी नोकरीत भेदभाव करू नये असे सांगणाऱ्या १६ व्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान आणि निवास ही कारणे दिली आहेत. भाषा त्या यादीत नाही. तेव्हा भाषेचा आकस मनात कितीही सलत असला, तरी अर्जात दाखवावे लागते ते नियमाचे उल्लंघन. ज्येष्ठता यादीत माझा क्रमांक अमुक, पात्रता अमुक, नियम अमुक, तरीही खालच्या माणसाला बढती दिली. म्हणजे १४ व्या अनुच्छेदातील समानतेचा आधार मिळतो. भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडेही जाता येते. राज्यभाषेचे ज्ञान भरतीच्या वेळी सक्तीचे नसावे, परीक्षा परिवीक्षा काळ संपण्यापूर्वी घ्यावी, हे भाषिक अल्पसंख्याकांच्या मान्य संरक्षणांपैकीच एक आहे. पण आयुक्त शिफारस करतात, हुकूम देत नाहीत. त्यांच्या पत्रव्यवहारात न्यायाधिकरणाचे वर्ष घालवणे परवडणारे नाही. माहिती अधिकाराचेही तेच. कागद जरूर मागवावेत, पण ३० दिवसांचे उत्तर आणि त्यावरचे अपील चालू असताना घड्याळही चालूच असते.

काही मुदती याहून फार तोकड्या आहेत. शिस्तभंगाच्या शिक्षेविरुद्ध केंद्राच्या तसेच महाराष्ट्राच्या नियमांत अपिलाला ४५ दिवस आहेत. केंद्राच्या कर्मचाऱ्याला वार्षिक मूल्यमापन अहवालावर हरकत घेण्यास १५ दिवस मिळतात. तात्पुरत्या ज्येष्ठता यादीवरील हरकतींची तारीख यादीसोबतच छापलेली असते, आणि ती कचेरीच्या भिंतीवर डकवलेली असताना कोणी वाचत नाही.

स्त्री कर्मचाऱ्यांसाठी २०१३ चा कायदा आहे. कामाच्या जागी लैंगिक छळ झाल्यास तीन महिन्यांत लेखी तक्रार करावी लागते. प्रकार वारंवार घडला असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने. समितीला कारणे नोंदवून आणखी तीन महिने देता येतात. दहांपेक्षा कमी माणसे असलेल्या जागी अंतर्गत समिती नसते, म्हणून दोन-तीन शिक्षकी शाळेतल्या बाईंनी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. लिहिणे जमत नसेल तर तक्रार लिहून घेण्यास मदत करणे हे समितीचेच काम आहे, तसे कायद्यात म्हटले आहे. अपंग कर्मचाऱ्यांना २०१६ च्या कायद्याने तक्रार निवारण अधिकारी दिला आहे आणि त्याने दोन आठवड्यांत चौकशी करायची आहे. समाधान न झाल्यास जिल्हा समितीकडे जाता येते.

खाजगी अनुदानित शाळांतले आमचे व्यवसायबंधू स्वतःला सरकारी नोकरच समजतात, पण त्यांची वाट निराळी आहे. बडतर्फी किंवा पदावनती झाल्यास कर्नाटकाच्या १९८३ च्या शिक्षण कायद्याप्रमाणे अपिलाला तीन महिने आहेत. महाराष्ट्रात १९७७ च्या कायद्याप्रमाणे शाळा न्यायाधिकरणाकडे जाण्यास फक्त ३० दिवस. निपाणी आणि कागल यांच्यात सोयरिकी आहेत, एकमेकांना विचारून कामे करण्याची रीत आहे. कागलच्या शिक्षकाने निपाणीच्या मेहुण्याला विचारून तीन महिने धरले, तर त्याचे अपील दोन महिने उशिरा पोहोचेल.