लिंबाचं रोप कसं जगतं?

आपल्या शाळेपुढं मोठा लिंब आहे. नागपंचमीला मी त्याच्याखाली हातभर जागेतली रोपं मोजली. ४३ होती! दिवाळीच्या सुट्टीनंतर मोजली तर ३ राहिली. बाकीची कुठं गेली, ते मी गुरुजींना अन् आजोबांना विचारलं.

आधी माझी चूक सांगतो. गेल्या वर्षी मी लिंबोळ्या वाळवून डब्यात ठेवल्या आणि संक्रांतीनंतर लावल्या. रोज पाणी घातलं. एकबी उगवली नाही. मला रडू आलं. गुरुजी म्हणाले, "लिंबाचं बी फार दिवस जिवंत राहत नाही. ते पडल्यावर लवकर मातीत गेलं पाहिजे." जांभळाचं पण असंच आहे. ज्वारी मात्र कणगीत वर्षभर राहते तरी उगवते.

बी फुटलं की आधी मूळ खाली जातं. वर दोन-चार पानंच दिसतात. पाऊस संपायच्या आत मूळ खोल ओलीपर्यंत गेलं तर रोप जगतं, नाहीतर वाळतं. मोठ्या लिंबाखाली तर ओल मोठं झाडच ओढून घेतं, आणि ऊन पण कमी. राहिलेली रोपं शेळ्या खातात. शेळीला लिंबाचा पाला लई आवडतो.

मग लिंब वाढतो कुठं? आमच्या बांधावर बोरीच्या जाळीत एक लिंब आहे. तो कुणीच लावला नाही. पाखरं लिंबोळीचा गर खातात अन् जाळीत बसून बी टाकतात. काट्यामुळं शेळीचं तोंड आत जात नाही, आणि सावलीनं ओल टिकते.

माझ्या मामाचं गाव किनवटकडं आहे. तिथं सागाचं रान आहे. उन्हाळ्यात सागाचं रोप पार वाळलेलं होतं. मी उपटायला गेलो तर मामा म्हणाला, "अरे, मेलं न्हाई ते! मूळ जित्तं हाय." पाऊस पडला की ते बुडातून परत फुटतं. असं कितीतरी वर्षं चालतं, मग मूळ जाड झालं की खोड उंच जातं.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात आंबोलीला उलटं आहे. तिथं पाऊस भरपूर, पण दाट झाडांखाली उजेडच नाही. तिथली काही रोपं थोड्याशा पानांवर वर्षानुवर्षं थांबतात. एखादं मोठं झाड पडलं की ऊन खाली येतं, आणि सगळी रोपं वर जायला धावतात. मला हे वाचून नवल वाटलं. आम्ही पाण्याची वाट बघतो, ती उन्हाची बघतात.

आपल्या ३ रोपांतली २ परवा शेळीनं खाल्ली. एकाला आम्ही बोरीच्या काट्या लावल्या. काल मोजलं, ते वीतभर झालंय. काट्या कुणी काढू नका.

– इयत्ता चौथी