रंग बदलला म्हणजे सामू ७ झाला?

रसायनशास्त्राच्या तोंडी परीक्षेत एक उत्तर हमखास येतं : ‘दर्शकाचा रंग बदलला, म्हणजे द्रावण उदासीन झालं, सामू ७.’ साफ चूक. शिकवणारेही हेच सांगतात तेव्हा जास्त चीड येते.

मिथिल ऑरेंज साधारण ३.१ ते ४.४ या पल्ल्यात लालाचं पिवळं होतं. फिनॉल्फ्थॅलीन सुमारे ८.२ पर्यंत रंगहीन राहतं आणि १० च्या आसपास पूर्ण गुलाबी होतं. दोघांच्याही पल्ल्यात ७ येतच नाही. दर्शक हा स्वतःच सौम्य आम्ल किंवा सौम्य आम्लारी असतो. प्रोटॉन सुटला की त्याच्या रेणूची रचना बदलते आणि रंगही. प्रोटॉन किती सहज सुटतो यावर पल्ला ठरतो.

मग प्रयोगशाळेत उत्तर बरोबर कसं येतं? कारण तिथे बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड असतं, दोन्ही तीव्र. ०.१ मोलर, २५ मिलिलिटर घेतलं तर उदासिनीकरणाच्या एक थेंब आधी सामू सुमारे ४ असतो आणि एक थेंब नंतर सुमारे १०. एवढ्या मोठ्या उडीत दोन्ही दर्शक निभावून जातात, आणि गैरसमज पक्का होतो.

आता व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल घ्या. ते पुरतं संपतं तेव्हा सामू ८.७ च्या आसपास असतो, कारण तयार झालेलं सोडियम ॲसिटेट किंचित आम्लारीधर्मी असतं. इथे फिनॉल्फ्थॅलीनच हवं. मिथिल ऑरेंज पूर्ण पिवळं दिसतं तेव्हा जेमतेम ३० टक्के आम्ल संपलेलं असतं!

अजून पटत नसेल तर धुण्याच्या सोड्यात ब्युरेटमधून हायड्रोक्लोरिक आम्ल सोडून पाहा. फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग १० मिलिलिटरला गेला, तर मिथिल ऑरेंजचा रंग बदलायला एकूण २० मिलिलिटर लागतात. पहिल्या टप्प्यावर कार्बोनेटचं बायकार्बोनेट होतं, दुसऱ्यावर तेही संपतं. दोन्ही वाचनं बरोबर आहेत आणि दोन्ही वेळा सामू ७ नाही. म्हणून दर्शक निवडण्याआधी विचारायचं ते एवढंच : अभिक्रिया पूर्ण होताना इथे सामू किती असेल?

दर्शक जास्त घातला की उत्तर अचूक येतं, हेही खोटं. तो स्वतः आम्ल असेल तर थोडी आम्लारी तोच खातो, दोन-तीन थेंब पुरेत. फिकट गुलाबी रंग मिनिटाभराने उडाला म्हणजे प्रयोग फसला असंही नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणात उतरतो. हळद पिवळीच राहिली म्हणून पदार्थ आम्ल ठरत नाही. ती लिंबाच्या रसात पिवळी, साध्या पाण्यातही पिवळी. लाल होते ती साबणासारख्या आम्लारीधर्मी पदार्थाने.

आणि ‘अल्कलाइन’ पाण्याचं यंत्र विकणारे थेंब टाकून पाणी निळं-जांभळं करून दाखवतात, ती शुद्धतेची परीक्षा नव्हे. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, सामू ६.५ ते ८.५ असायला हरकत घेत नाही. पाण्यात जिवाणू, नायट्रेट किंवा शिसं आहे का, हे त्या थेंबाला कळतच नाही.