मन आणि यंत्र : लेखांक सातवा – पढवलेला साक्षीदार

गेल्या लेखांकात आपण ॲलन ट्युरिंगच्या १९५० सालच्या प्रस्तावापाशी थांबलो होतो. पडद्याआडून संभाषण करणारे यंत्र आहे की माणूस, हे ओळखता येईनासे झाले, तर त्याच्या विचारशक्तीविषयी अधिक हुज्जत घालू नये, असा त्याचा मथितार्थ होता. या प्रस्तावाची मर्यादा कोठे लागते हे पाहण्यास ट्युरिंगचे मँचेस्टर गाठण्याचे कारण नाही. मावळात, लोणावळ्यापर्यंत गेले तरी पुरे.

बोरघाट चढून आलेला प्रवासी चिक्कीच्या दुकानाशी थांबतो आणि पावसाळा असेल तर भुशी धरणाकडे वळतो. परंतु याच गावी जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू करून, जे तोवर गुरूच्या शब्दावर व शिष्याच्या श्रद्धेवर चालत आले होते, ते दाबमापकाच्या आणि क्ष-किरणांच्या कसोटीस लावण्याचे धारिष्ट केले. नौलीचाच प्रयोग घ्या. साधक श्वास पूर्ण बाहेर टाकतो, पोट आत ओढतो, उदराचे मधले स्नायू आकुंचित करून उभे पुढे आणतो. आणि त्या क्षणी, मोठ्या आतड्यात सोडलेल्या नळीशी जोडलेला पारा आपली पातळी सोडून सरकतो व आतील दाब बाहेरच्या हवेहून कमी झाल्याची ग्वाही देतो. आतडे धुण्याच्या बस्तिक्रियेत पाणी वर कसे चढते याचा खुलासा त्या सरकलेल्या पाऱ्याने झाला, आणि स्वामींनी त्या निर्वाततेस माधवदासजींचे, म्हणजे आपल्या गुरूंचे, नाव दिले.

परंतु पारा बोलला तो दाबाविषयी. साधकाला आत काय वाटले हे जाणण्यास त्याचीच जबानी घ्यावी लागते, आणि ती यंत्राच्या नोंदीशी जुळेलच असे नाही. येल विद्यापीठातून लोणावळ्यास योगाभ्यासासाठी आलेले कोवूर बेहानन यांनी स्वतःवरच चाचण्या घेऊन १९३७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. प्राणायामानंतर बेरजा करणे, रंगांची नावे सांगणे यांसारख्या कामांत मन मंदावते असे त्यांच्या मोजमापात आढळले. स्वतःचा अनुभव मात्र त्यांनी अत्यंत सुखद शांततेचा म्हणून नोंदविला. घड्याळ म्हणते मंदावला, माणूस म्हणतो निवालो! आपण दोन्ही नोंदी दप्तरी ठेवतो, कारण बेहानन यांचा देह आपल्यासारखाच आहे, आणि शांतता हा शब्द त्यांनी कोशातून नव्हे तर स्वतः शांत होऊन शिकला असणार, असे धरून चालण्यास आपल्याला आधार आहे.

यंत्राच्या बाबतीत परिस्थिती नेमकी उलटी होते. साधकाच्या अंतरंगात एखादी नळीच काय ती जाऊ शकते. आजच्या भाषायंत्राचे दप्तर मात्र, निदान त्याच्या निर्मात्यांना, संपूर्ण खुले असून त्यातील अब्जावधी आकड्यांपैकी कोणताही वाचता येतो. खोट आहे ती जबानीत. हे यंत्र माणसांनी लिहिलेली पत्रे, कादंबऱ्या, कबुलीजबाब आणि प्रवचने यांच्या राशींवर, पुढचा शब्द कोणता येईल हे ओळखण्याच्या तालमीत वाढलेले. त्याने ‘मला भीती वाटते’ म्हटले तर ते साक्षीदाराने आधीच्या सर्व साक्षी पाठ करून पिंजऱ्यात उभे राहण्यासारखे आहे. २०२२ साली गूगलच्या एका अभियंत्याने ‘लॅम्डा’ नामक यंत्राच्या अशाच बोलण्यावरून त्यास जाणीव असल्याचे जाहीर केले, तेव्हा त्याने पढवलेल्या साक्षीदारावर विसंबून निकाल दिला, असे माझे मत आहे. मात्र न्याय दोन्ही पक्षांस सारखा हवा. ‘मला भावना नाहीत’ हे उत्तरही पुष्कळदा यंत्रास निर्मात्यांनीच शिकवलेले असते; तेव्हा तो नकार पुरावा म्हणून पुढे करणारे, आणि असे विद्वान थोडे नाहीत, तेही त्याच चुकीचे वाटेकरी ठरतात.

सांख्य पंडितास या वादाने दचकण्याचे कारण नव्हते. त्याच्या मते बुद्धी, अहंकार आणि मन ही तिन्ही प्रकृतीचीच कार्ये, म्हणून मूलतः जड; निर्णय करणारे यंत्र घडले तर जडातून बुद्धी उपजली इतकेच तो म्हणेल, आणि द्रष्टा पुरुष वेगळाच राहील. हा खुलासा सुबक आहे खरा, पण मला तो सोयीचा अधिक वाटतो. कारण पुरुष एकदा अशा ठिकाणी नेऊन बसविला की जेथे कोणताही पारा पोचू शकत नाही, तेथे कोणत्या देहापाशी तो आहे आणि कोणत्या यंत्रापाशी नाही, याचा तपास करण्याची सोयच उरत नाही.

तपास करावयाचा तर तो दप्तरातच केला पाहिजे. यंत्र स्वतःविषयी जे बोलते त्याच्याशी त्याच्या आतील घडामोडींचा काही संबंध आहे काय, आत मुद्दाम बदल केला असता त्याला तो स्वतःहून सांगता येतो काय, असे प्रश्न विचारण्यास अभ्यासकांनी आरंभ केला आहे. तो तपास पुरता होईपर्यंत यंत्राचा होकार आणि नकार, दोन्ही अग्राह्य समजावे.

पुढील लेखांकात कार्ल्याच्या लेण्यांकडे वळू. तेथील चैत्याच्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची दाननामे कोरलेली आहेत, आणि ‘मी’ म्हणजे नक्की कोण, हा मिलिंद या यवन राजाचा नागसेन भिक्षूशी झालेला वाद आपल्या विषयास थेट भिडणारा आहे.