ओहोटीची वाट : अलिबागचा कुलाबा किल्ला

कसे जाल : गेटवे ऑफ इंडियाहून बोटीने मांडवा, तिथून बसने अलिबाग. पूर्ण ओहोटीला किनाऱ्यावरून वाळू तुडवत थेट किल्ल्यात. वाट सपाट, आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांना झेपणारी.

वेळ कशी काढाल : तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थीला भरती तीनला, म्हणून ओहोटी नऊच्या सुमारास. अष्टमीच्या भांगाला पाणी पुरते ओसरत नाही. तो दिवस टाळा. पावसाळाही नको.

काय पाहाल : शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतलेला हा जलदुर्ग. तटाचे अजस्र दगड चुन्याविना एकावर एक रचलेले. आत गणेश पंचायतन आणि चहूबाजूंनी खारे पाणी असूनही गोड्या पाण्याची पुष्करणी. उत्तरेला लोखंडी गाड्यांवरच्या दोन इंग्रजी तोफा. मुले तिथून हलत नाहीत.

सोबत काय : टोपी, पाणी, भिजली तरी चालतील अशी पट्ट्याची पादत्राणे. खडकांवरची कालवे अनवाणी पाय कापतात.

हे पाळाच : निघण्यापूर्वी स्थानिक कोळ्यांना विचारा. पाणी वळू लागताच मुलांना घेऊन परत फिरा. भरती कुणासाठी थांबत नाही.